उतरायचे कुठे?

आपल्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "कुठे निघालात?" आणि दुसरा, "उतरणार कुठे?" पहिल्याचे उत्तर विचारणारा अर्ध्या कानाने ऐकतो. दुसऱ्याचे मात्र नीट लक्ष देऊन ऐकतो आणि न मागता त्यावर आपले मतही देतो. काशीला जा नाही तर कोल्हापूरला जा; तुम्ही धर्मशाळेत उतरता, उपाध्यायांच्या घरी उतरता, मेव्हण्याच्या बिऱ्हाडी उतरता की हॉटेलात, यावरून तुमची ऐपत, तुमचे गणगोत आणि तुमचा स्वभाव या तिन्हींचा हिशेब त्याच्या मनात चटकन होऊन जातो. मला स्वतःला हा दुसरा प्रश्नच अधिक शहाणपणाचा वाटत आला आहे. गाव दिसते दिवसा, पण कळते ते पहाटे आणि संध्याकाळी. आणि त्या दोन्ही वेळा आपण मुक्कामाच्या जागीच असतो.

तेव्हा यंदा वाचकांच्या फराळाच्या ताटाशेजारी मी एका मुक्कामाची हकीकत ठेवणार आहे. मुक्काम जरा लांबचा आहे. जपानच्या नागानो प्रांतात नोझावा ओन्सेन नावाचे डोंगरातले एक खेडे आहे, तिथला. 'ओन्सेन' म्हणजे गरम पाण्याचा झरा. हिवाळ्यात या खेड्यात पुरुषभर उंचीचा बर्फ साचतो आणि देशोदेशीची माणसे पायांना लांब पट्ट्या बांधून डोंगरावरून खाली घसरत येतात. या खेळाला स्कीइंग म्हणतात हे आता आपल्या मुलांना सांगायला नको. गुलमर्ग आणि औलीची चित्रे घरोघर पोचलेली आहेत.

आता कोणी म्हणेल, साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचे तिथे काय काम? माझे नव्हतेच. माझा भाचा टोकियोत निशी-कासाई भागात राहतो. संगणकाच्या कामासाठी गेलेली भारतीय कुटुंबे त्या भागात इतकी आहेत की संध्याकाळी रस्त्याने चालताना दोन-तीनदा तरी मराठी कानावर पडते. हा भाचा दर फोनला म्हणायचा, "मामा, आजीला घेऊन या ना!" आजी म्हणजे माझी आई. वय शहात्तर. वडील जाऊन दोन वर्षे झाली होती आणि त्या दोन वर्षांत आई आमच्या इमारतीचा जिना उतरली ती मोजून चार वेळा. तीही डॉक्टरकडे जाण्यासाठी. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, कोणी बोलले तर बोलायचे, असा तिचा दिवस. मागच्या दिवाळीत भाच्याने पुन्हा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बर्फ बघायला येईन." का, ते तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. तिने होकार मागे घेण्याच्या आत फेब्रुवारीची तिकिटे काढून टाकली.

म्हणूनच 'उतरायचे कुठे?' हा प्रश्न या खेपेला आमच्या घरात फार गंभीरपणे घेतला गेला. जागा तिला मानवली नाही, तर इथल्या चार भिंती सोडून ती तिथल्या चार भिंतींत बसणार, आणि पुढे कधी बाहेर पडण्याचा विषय निघाला की "बघितला की जपान" म्हणून मोकळी होणार, हे सौ.ने आणि मी एकमेकांशी न बोलताच ओळखले होते.

आधी गावाची ठेवण सांगतो, कारण निवड तिच्यावर अवलंबून आहे. टोकियोहून झपाट्याने जाणारी शिनकान्सेन गाडी 2015 पासून ईयामा स्टेशनावरून जाऊ लागली. सुमारे पावणेदोन तासांत माणूस ईयामाला उतरतो, तिथून बसने पंचवीस मिनिटांत नोझावात. गाव केनाशी डोंगराच्या पायथ्याला उतारावर पसरलेले आहे. डोंगर 1650 मीटर उंच, आणि घसरायचे उतार थेट त्याच्या माथ्यापासून गावाच्या डोक्यापर्यंत येतात. इथल्या लोकांनी आपला स्की क्लब 1923 साली काढला, आणि 1998 च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये बायॅथलॉनच्या, म्हणजे घसरत जाऊन बंदुकीने नेम मारण्याच्या स्पर्धा याच गावी झाल्या. गावाची वरची बाजू म्हणजे पाळणे, दोरवाट, भाड्याने पट्ट्या देणारी दुकाने. खालची बाजू म्हणजे जुने गाव: अरुंद गल्ल्या, लाकडी घरे, लोणच्यांची दुकाने, रस्त्याकडेच्या पन्हाळीतून वाफाळत वाहणारे पाणी आणि सगळीकडे गंधकाचा मंद वास. दोहोंत अंतर फार नाही, पण चढ आहे, आणि चढावर बर्फ. तरण्याताठ्याला दहा मिनिटे लागतात. गुडघ्यांनी असहकार पुकारलेल्या माणसाला तोच चढ सिंहगडाएवढा. काही अंतर चालते सरकते पट्टे बसवलेली छपराची वाट आहे, पण ती पाळण्यांकडे नेणारी, गावाच्या आत फिरवणारी नव्हे.

अशा गावात राहायच्या जागा चार जातींच्या असतात, आणि आमच्या घरात माणसेही चार. तेव्हा पक्षही चारच पडले.

भाच्याचा पक्ष हॉटेलाचा. उताराच्या अगदी तोंडाशी असलेले हॉटेल, दार उघडले की बर्फ, खोलीत खाटा, गरम हवा, खाली उपाहारगृह. "आजीला कुठे चालायलाच नको, मामा. खिडकीतून सगळं दिसतं," असे त्याचे म्हणणे. म्हणणे खोटे नव्हते. ज्याला दिवसभर डोंगरावर घालवून रात्री फक्त पाठ टेकायची आहे, त्याने डोळे झाकून अशीच जागा घ्यावी. पट्ट्या आणि ते लोखंडासारखे जड बूट खांद्यावर वाहत गल्ल्या चढणे ही काही गंमत नव्हे.

सौ.चा पक्ष रयोकानचा. रयोकान म्हणजे जुन्या वळणाची जपानी खानदानी पथिकशाळा. जमिनीवर ताताामी नव्हे, तातामी; गवताच्या घट्ट विणलेल्या चटया. खोलीची मोजदादच या चटयांवर चालते: सहा चटयांची खोली, आठ चटयांची खोली. आपण गेलो की चहा आणि एखादी गोड वडी पुढे येते. अंगात घालायला युकाता नावाचा सुती झगा मिळतो. त्याची डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलट घेतात ती फक्त प्रेताला, तेव्हा तेवढे सांभाळावे. रात्री आपण जेवायला गेलो की गाद्या घालून ठेवतात, सकाळी उचलून नेतात. जेवण म्हणजे पंधरा-वीस चिमुकल्या वाट्या, प्रत्येकीत दोन घास, आणि प्रत्येक वाटीचा आकार वेगळा. "आयुष्यात एकदा तरी मला कोणीतरी असं वाढावं," असे सौ. म्हणाली, तेव्हा मी वर्तमानपत्रात डोके घातले. रयोकानचा दर खोलीवर नसतो, माणशी असतो, आणि त्यात एक रात्र व दोन जेवणे धरलेली असतात. चौघे एका खोलीत राहिलो म्हणून खर्च चौथा हिस्सा होईल, असा आपल्याकडचा हिशेब तिथे कामाचा नाही.

माझा पक्ष स्वयंपाकघर असलेल्या बिऱ्हाडाचा. गेल्या काही वर्षांत परदेशी पाहुणे वाढले, तशी अशी भाड्याची घरे आणि नुसती खोली देणाऱ्या जागाही वाढल्या. कुकर न्यावा, तांदूळ-डाळ न्यावी आणि खिचडी टाकावी, म्हणजे खाण्याची चिंता मिटली. माझ्या या सूचनेवर सौ. एवढेच म्हणाली, "म्हणजे मी जपानात जाऊन कुकर लावायचा." ठराव तिथेच नापास झाला.

राहिली चौथी जात: मिन्शुकू. हा शब्द नवा वाटेल, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पंढरपूरला किंवा त्र्यंबकेश्वरला पूर्वी क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यात उतरत, घरच्या बायका वाढत, आणि निघताना यजमान "पुढल्या वर्षी या" म्हणत. तसलाच हा प्रकार. डोंगरातल्या शेतकरी घरांनी हिवाळ्यात, शेत बर्फाखाली असताना, आपल्या दोनचार खोल्या घसरायला येणाऱ्यांना देऊ केल्या आणि त्यातून हा धंदा वाढला. खोली साधी. गादी आपली आपण घालायची. न्हाणीघर आणि संडास बहुधा सामाईक. जेवण घरात शिजेल ते. दर रयोकानपेक्षा बराच हलका.

आईला आम्ही हे सारे वाचून दाखवले, फोनवरची चित्रे मोठी करून दाखवली. तिने खाटा पाहिल्या, चटया पाहिल्या, खिडकीतून दिसणारा डोंगर पाहिला आणि विचारले, "यातल्या कुठल्या जागी माणसं असतात?"

भाचा म्हणाला, "आजी, माणसं सगळीकडेच असतात."

"राहणारी रे. उतरणारी नव्हे."

यावर मत मांडायला कोणाकडे काही उरले नाही. जुन्या गावातले, मोठ्या न्हाणीघराजवळचे एक मिन्शुकू ठरले.

पण ठरले म्हणून झाले नाही. खऱ्या दोन अडचणी पुढेच होत्या, आणि आपल्यासारख्या कुटुंबातल्या कोणालाही त्या येणारच, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली अडचण जमिनीची. जमिनीवर झोपणे आपल्याला नवे नाही. पण साठ वर्षे जमिनीवर झोपलेल्या माणसाचेच गुडघे पुढे जमिनीवरून उठायला नकार देतात. रयोकान काय नि मिन्शुकू काय, गादी जमिनीवर आणि जेवणाचे मेजही बुटके. तेव्हा जागा ठरवताना "खाट असलेली एखादी खोली आहे का, आणि जेवायला खुर्ची मिळेल का?" हे आधीच विचारून घ्यावे. बऱ्याच घरांनी वृद्ध पाहुण्यांसाठी अशी सोय केलेली असते, पण विचारल्याशिवाय ती पुढे येत नाही. आमच्या यजमानीणबाईंनी सांगितले की, दोन खाटांची एक खोली तळमजल्यावर आहे. तळमजला हेही विचारून घेतलेले बरे. जुन्या घरांचे जिने उभे असतात आणि पायऱ्या अरुंद.

दुसरी अडचण पोटाची. आई आणि सौ. दोघी शाकाहारी. जपानात "मांस नको" म्हटले की लोक आनंदाने मासे वाढतात. "मासेही नकोत" म्हटले की मासे काढतात, पण रस्सा राहतो, आणि तिथल्या बहुतेक रश्श्यांचा, सारांचा आणि नूडल्सबरोबरच्या पाण्याचा पाया असतो 'दाशी'. ही दाशी बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांची असते. दिसायला निर्मळ पाणी, तेव्हा कोणाला शंकाही येत नाही. म्हणून नुसते 'शाकाहारी' हा शब्द वापरून भागत नाही. काय काय चालत नाही त्याची यादीच द्यावी लागते, आणि ती निघण्याच्या बरीच आधी. भाच्याने फोनवर ती यादी सांगितली. पलीकडे बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की, देवळातले भिक्षू समुद्रातल्या कोम्बू वनस्पतीची आणि सुकवलेल्या शिताके अळंब्यांची दाशी करतात, तशी मी करीन; पण पदार्थ थोडे होतील, चालेल का? न चालायला काय झाले! ज्या जागी ही यादी ऐकून "जमणार नाही" असे स्पष्ट सांगतात, तीही प्रामाणिक जागा समजावी आणि दुसरी बघावी. ऐन वेळी ताटावर बसून वाद घालण्यापेक्षा ते बरे.

आम्ही पोचलो तेव्हा भुरभुर बर्फ पडत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, आणि मधून आई भाच्याच्या दंडाला धरून चालते आहे. बुटांच्या तळव्याला बांधायचे रबरी काटे मिळतात, ते आम्ही चौघांनी बांधले होते. ही वस्तू किरकोळ, पण तिच्यावाचून म्हाताऱ्या माणसाला तिथे नेऊ नये.

यजमानीणबाई सत्तरीच्या. भाचा त्यांना 'ओकासान' म्हणून हाक मारू लागला. आईने विचारले, "त्यांचं नाव का ते?" तो म्हणाला, "नाही आजी, ओकासान म्हणजे आई. इथे सगळे पाहुणे असंच म्हणतात." आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तीही त्यांना ओकासानच म्हणू लागली. दोघींना एकमेकींच्या भाषेतला दुसरा शब्द येत नव्हता.

घर सुखसोयींचे होते असे म्हणणार नाही. खोलीत ऊब, पण बोळात पाऊल टाकले की हुडहुडी. जपानी घरे सगळी तापवत नाहीत, माणसे जिथे बसतात तेवढी जागा तापवतात. भिंती पातळ, शेजारच्या खोलीतल्या ऑस्ट्रेलियन जोडप्याचे घोरणे आम्हांला पाठ झाले. जेवण संध्याकाळी सहाला म्हणजे सहाला. माजघरात मात्र कोतात्सू होता. हे एक बुटके मेज असते. खाली शेगडीसारखी ऊब, वरून गोधडी पांघरलेली. तिच्यात पाय घालून बसले की उठावेसे वाटत नाही. तेवढ्यासाठी आईने जमिनीवर बसण्याचा आग्रह धरला, आणि उठताना आम्ही दोघांनी धरून उठवायचे असा करार झाला.

आता न्हाणीघरांविषयी. नोझावात उतरण्याची जागा निवडताना हाच मुद्दा मला सर्वांत मोठा वाटतो. गावात तेरा सार्वजनिक न्हाणीघरे आहेत. त्यांना सोतोयू म्हणतात. झऱ्याचे पाणी थेट आत येते, आणि आत जायला पैसे पडत नाहीत. सर्वांत मोठे 'ओयू', देवळासारखे लाकडी छपराचे, गावाच्या मध्यावर. तेथे याकुशी या वैद्यबुद्धाची स्थापना आहे, आणि बाकीच्या बारांत त्याच्या बारा रक्षक देवांची. हा याकुशी म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतला भैषज्यगुरू. इतक्या दूर बर्फात तो कढत पाण्यावर पहारा करीत बसला आहे हे कळल्यावर आईला तो गावचाच कोणीतरी भेटल्यासारखे वाटले.

ही न्हाणीघरे चालवते कोण? सरकार नव्हे, कंपनीही नव्हे. प्रत्येक न्हाणीघराच्या आसपासच्या घरांची एक मंडळी असते, तिला यू-नाकामा, म्हणजे पाण्याचे सोबती, म्हणतात. शेकडो वर्षांची ही रीत आहे. पाळीपाळीने ही मंडळी न्हाणीघर घासतात, विजेचा खर्च वाटून घेतात, मोडतोड दुरुस्त करतात. ते त्यांचे रोजचे न्हाणीघर आहे आणि परक्या पाहुण्याला ते त्यात फुकट येऊ देतात. दाराशी एक लहान पेटी असते, तीत यथाशक्ति नाणे टाकावे. पाणी पुष्कळदा इतके कढत असते की आपण पाय घालून ओढून घेतो. थंड पाण्याचा नळ असतो, पण आत बसलेल्यांना विचारल्याशिवाय तो सोडायचा नाही, आणि सोडला तर फार वेळ नाही. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे, मग पाण्यात शिरायचे. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. आणि हो, अंगावर कपडा ठेवायचा नाही. बायकांचे आणि पुरुषांचे भाग वेगळे असतात, पण आपापल्या भागात सगळे जन्माला आलो तसे.

"अग बाई! एवढ्या बायकांसमोर?" आई म्हणाली, आणि विषय संपला. पहिल्या दिवशी ती गल्लीतल्या पाय बुडवायच्या कुंडावर बसली. पाय गुडघ्यापर्यंत गरम पाण्यात, डोक्यावर लोकरीची टोपी, टोपीवर बर्फ. शेजारी गावातली एक म्हातारी येऊन बसली, मग दुसरी. तासाभराने मी आणायला गेलो तर तिघी आपापल्या भाषेत गुडघ्यांविषयी बोलत होत्या. गुडघे दाखवून बोलत असल्यामुळे भाषेची अडचण पडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओकासान लाकडी घमेले आणि पंचे घेऊन आईच्या खोलीच्या दाराशी उभ्या. आईने सौ.कडे पाहिले, सौ.ने माझ्याकडे पाहिले, आणि मी आकाशाकडे. तिघी गेल्या. मागोमाग मी पुरुषांच्या भागात जाऊन बसलो. मधली भिंत वरून उघडी. पलीकडे पाणी ओतल्याचे आवाज, कोणीतरी "अत्सुई, अत्सुई", म्हणजे कढत, कढत, म्हणाले, मग आईचा आवाज, "अगं भाजलं की गं!" आणि पाठोपाठ तिचे हसू. ते मी दोन वर्षांनी ऐकत होतो. पाणी सोसत नव्हते तरी उठवेना.

त्यानंतर आईचा दिवस ओकासानच्या मागे चालू लागला. गावाच्या वरच्या अंगाला ओगामा नावाची कुंडे आहेत, पाणी नव्वद अंशांच्या आसपास. पूर्वी दोर आणि कापड विणायच्या झाडांच्या काड्या त्यात मऊ करीत. आता गावच्या बायका तिथे भाज्या आणि अंडी उकडतात. परक्यांना आत सोडत नाहीत, कारण पाय घसरला तर जिवावर बेतेल. आई कठड्याबाहेर उभी राहून पाहत असे. गावाची प्रसिद्ध पालेभाजी म्हणजे नोझावाना. गावातल्या केनमेईजी देवळाच्या भिक्षूने अठराव्या शतकात पश्चिमेकडून सलगमाचे बी आणले, आणि इथल्या थंडीत त्याचा कांदा न पोसता पालाच फोफावला, अशी आख्यायिका सांगतात. शरद ऋतू संपता संपता गावकरी या पाल्याच्या जुड्या गरम पाण्यात धुतात आणि मिठात मुरवून हिवाळ्याची तरतूद करतात. ओकासाननी घरची बरणी उघडून दाखवली. आईने पिशवीतून मेतकुटाची पुडी काढली. त्यांनी ते गरम भातावर घालून खाल्ले आणि डोळे मिटून मान हलवली. वाफवलेले ओयाकीही आईला आवडले. कणकेच्या पारीत भाजी नाही तर लाल चवळीसारख्या आझुकी दाण्यांचे गोड पुरण. "हे तर आपले दिंड," असा निकाल तिने दिला.

निघायच्या आदल्या रात्री भाच्याच्या मध्यस्थीने ओकासान थोडे बोलल्या. मुलगा शहरात नोकरीला आहे, तो परत येईलसे दिसत नाही. शेजारचे मिन्शुकू चालवायला माणूस नाही म्हणून बंद झाले. "घर विकले तर घ्यायला कोणी मिळेल," त्या म्हणाल्या, "पण घेणारा पहाटे उठून न्हाणीघर घासायला येईल का?" त्यांच्या पाळीचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. पहाटे आम्ही सामान बांधत होतो, तर आई खोलीत नाही. ती ओयूजवळच्या त्यांच्या न्हाणीघरात स्टुलावर बसून लाकडी घमेली पुसत होती. ओकासान फरशी घासत होत्या. कोणी कोणाला सांगितले, कसे सांगितले, देव जाणे.

आम्ही परत आलो त्याला आता आठ-नऊ महिने होतील. आई रोज संध्याकाळी जिना उतरते आणि खालच्या बाकावर जाऊन बसते. कधी कोणी असते, कधी नसते. गुडघे दुखतात तेव्हा दुखतात म्हणते. यापेक्षा जास्त काही झाले आहे असे मी सांगणार नाही.

वाचकांपैकी कोणी मुलाकडे, लेकीकडे जपानात गेले आणि हिवाळ्यात डोंगराकडे वळले, तर त्यांच्यासाठी थोडक्यात सांगून ठेवतो. दिवसभर घसरायचे असेल तर वरच्या अंगाला, उताराजवळ उतरा. थाटाचे जेवण आणि आदरातिथ्य हवे असेल तर रयोकान घ्या, पण दर माणशी आहे हे ध्यानात ठेवा. गाव पाहायचे असेल तर खालच्या गल्ल्यांत मिन्शुकू बघा. कुठेही उतरा, चार गोष्टी आधी विचारा: खोली कितव्या मजल्यावर, खाट आहे का, जेवण किती वाजता, आणि रश्श्यात काय. दरवर्षी 15 जानेवारीला तिथे दोसोजिनचा अग्निउत्सव असतो. बेचाळीस वर्षांचे पुरुष लाकडी देवळाच्या माथ्यावर बसतात, पंचवीस वर्षांचे खाली राखण करतात, आणि गावकरी मशाली घेऊन ते पेटवायला धावून येतात. त्या रात्री राहायचे असेल तर जागा फार आधी धरावी लागते.

आणि न्हाणीघराच्या दाराशी ती पेटी असते, तिच्यासाठी खिशात सुटी नाणी ठेवा. खोलीचे भाडे यजमानाला पोचते. पाण्याचे देणे तिथेच ठेवायचे असते.